आज कुकर वाजला नाही

केडगाव, मंगळवार, जेवणानंतर

पुन्हा नकार. या वेळी मेलची वाटसुद्धा पाहायला लावली नाही. मुलाखतीतच सांगितलं, मोठं प्रॉडक्ट सांभाळलेला मॅनेजर हवाय. बरं. मी हसून थँक्यू म्हणालो. का हसलो, कुणास ठाऊक.

घरी सांगितलंच नव्हतं. प्रत्येक मुलाखतीआधी आई तळहातावर दही-साखर ठेवते आणि नंतर माझ्या तोंडाकडे बघत बसते. ते आता सोसत नाही. म्हणून पुण्याच्या मित्राशी व्हिडिओ कॉलवर बोलायचंय असं सांगितलं. इस्त्रीचा शर्टसुद्धा खोलीचं दार लावल्यावर घातला.

मुलाखतीत त्यांनी विचारलं, लोकांनी न सांगितलेली गरज कशी ओळखता? जुन्या कंपनीतल्या ॲपचं काहीतरी बोललो. ऐकताना मलाच कंटाळा आला.

शर्ट बदलून बाहेर आलो तर आई ओट्याजवळ नुसती उभी. कुकर भरलेला, गॅस बंद. आप्पा टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघत होते. रोज या वेळेला शिट्ट्या होऊन कुकर उतरलेला असतो. आज एकही शिट्टी ऐकली नव्हती.

"झालं व्हय बोलणं?" आईने एवढंच विचारलं आणि गॅस पेटवला.

"जेवायला उशीर झाला का?" मी आप्पांना म्हणालो.

"छे, भूकच न्हवती आज."

ताटावर बसल्यावर मात्र त्यांनी दोनदा भात मागून घेतला.

परवा अजून एक मुलाखत आहे. या वेळी आईला वेळ सांगून ठेवतो. निदान कुकर तरी आधी लावता येईल.