आबांच्या फियाटवरचा ओरखडा

सांगवी, बुधवार

ती. हिंदुराव दाजींना अविराजचा दंडवत. ताईचा गुडघा आणि तुमची शुगर, दोन्ही ताब्यात आहेत असं धरून चालतो. ताजी बातमी अशी की आज सलग तिसऱ्या दिवशी आबांच्या फियाटवर ओरखडा नाही. नागेश पेंटरनं दारावर भिंग फिरवून खात्री केली.

मुळापासून सांगतो. आमच्या लेकीचा, संस्कृतीचा, हट्ट तुम्हाला ठाऊक आहे: लग्नाला इंदापूरला जाईन तर आजोबांच्याच गाडीतून. म्हणून नागेशनं बारामतीत सहा महिने खपून ती नव्यासारखी केली आणि स्वतः चालवत घरी आणली. दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हरच्या दारावर बोटभर ओरखडा! त्यानं पाण्याच्या पॉलिशपेपरनं घासलं, रंग दिला, पॉलिश केलं. दुसऱ्या दिवशी ओरखडा तिथंच. असं चार वेळा. (मांजर कोंडून पाहिलं. मांजर निर्दोष.) शेवटी पाळत ठेवली. भर दुपारी एक कावळा आला, दाराच्या उघड्या काचेवर बसला आणि आत स्टिअरिंगकडे बघत राहिला. हुसकला, तर जाताना दारावर नख ओढून गेला.

आई म्हणाली, “दहाव्याला शिवला न्हाय, त्यो ह्योच.” तुम्हाला आठवत असेल, वर्षापूर्वी घाटावर आबांच्या पिंडाला दोन तास कावळा शिवेना. आम्ही उसाची, विहिरीची, नातीच्या लग्नाची, सगळ्याची हमी दिली. शेवटी पंगत खोळंबली म्हणून तुम्ही दर्भाचा कावळा करून उरकलंत. (दोष देत नाही, भूक मलाही लागली होती.) गाडीचं नाव मात्र कुणीच घेतलं नाही, आणि आबांनी तर हयातीत स्टिअरिंगला दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता.

मग आईनंच गाडीपाशी उभं राहून सांगितलं, “जावा आता निवांत. तुमच्या जाग्यावर कुणी बसायचं न्हाय.” कावळा उडाला, तो पुन्हा आला नाही. ओरखडाही नाही. पण नागेशनं हळूच विचारलं, “काकू, मग रविवारी गाडी चालवायची कुणी?”

ताईला नमस्कार सांगा.

तुमचा,
अविराज

ता. क. लासुर्ण्याहून शनिवारीच ट्रॅक्टर घेऊन या. पुढे तुम्ही, मध्ये दोरखंड, मागच्या सीटवर नवरी. स्टिअरिंगवर कुणी नाही.

ता. क. आणखी एक. आज संध्याकाळी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं ओढून पाहिलं. ओढ्याच्या वळणावर दोर सैल पडला, तरी स्टिअरिंग आपसूक फिरलं आणि गाडी नीट वळली. शेजारी आता ट्रॅक्टर द्यायला तयार नाही. रविवारी नऊला निघू. वाटेत मागून हॉर्न वाजला तर वळून बघू नका, ट्रॅक्टर बाजूला घ्या. आबा कुणाच्याही मागं फार वेळ राहायचे नाहीत.