कूलरखालची वही

ती. लुंबिनीताईस,

लातूरहून धाकट्या अश्वजितचा, या खेपेला जरा जास्तच वाकून, जयभीम. दाजींचा गुडघा कसा आहे? तुझा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक. फक्त कूलर तिरका झालाय आणि त्यातलं पाणी माझ्या उशीवर गळतंय. त्याला कारण तूच, म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी तू मला ‘मुलांबरोबर खेळायचे एक्कावन्न गटखेळ’ ही हाताने लिहिलेली वही दिली होतीस. ती मी रोज वापरली (कूलरच्या आखूड पायाखाली). आमच्या क्लासमध्ये एक्केचाळीस पोरं माझ्याकडे फिजिक्स शिकतात आणि चाचणीतल्या नंबराप्रमाणे बाकांवर बसतात. तुझ्या हिमायतनगरकडच्या शाळेसारखं चिंचेखाली पळायला इथे ना चिंच, ना सवड. पण मंगळवारी माहूरहून दीपमालाच्या वडिलांचा फोन आला, “सर, पोरगी लई रडून राहिली. शनिवारी न्यायला येतो.” दीपमाला म्हणजे शेवटच्या बाकावरची, एक्केचाळिसावी. दोन महिने शिकवतोय, पण तिचा आवाज कसा आहे ते मला आठवेना (मार्क आठवले). लाज वाटली. कूलर उचलला आणि वही काढली.

दुसऱ्या दिवशी पोरांना गच्चीवर नेलं. ‘डोंगराला आग लागली, पळा पळा’ हा खेळ निवडला, कारण त्याला खडूसुद्धा लागत नाही. पोरांनी गोल पळायचं, मी आकडा ओरडायचा, तेवढ्यांनी गट करायचा. मी “चार!” म्हणालो. सगळे जागीच उभे. आमचा पहिला नंबर, निलंग्याचा शिवकुमार, हात वर करून म्हणाला, “सर, ह्ये परीक्षेला हाय का?” नाही म्हटल्यावर पोरं जरा हिरमुसली, पण दहा सेकंदांत, एकही धक्का न लागता, गट तयार! शिस्त बघून माझी छाती फुगली. मग नीट पाहिलं, तर एक ते चार, पाच ते आठ, नऊ ते बारा. पोरांनी नंबराप्रमाणेच गट केले होते! दहा गट झाले आणि एक्केचाळिसावी उरली. मी सवयीने “बाद” म्हणून मोकळा झालो. ती जिन्याकडे निघाली. ती पाठ बघून मला कसंतरीच झालं गं.

घाईघाईने वहीचं पान उलटलं (सूचना पूर्ण वाचा म्हणून पोरांवर रोज ओरडतो तो मीच). मागे तुझ्या लाल शाईत एकच ओळ होती: उरलेल्याने बाहेर बसायचं नाही, पुढचा आकडा त्याने सांगायचा. मी जिन्यापर्यंत पळत जाऊन तिला परत आणलं. तिने सगळ्यांवरून नजर फिरवली, ओठ हलवत मोजलं, शेवटी माझ्याकडे पाहिलं आणि गच्ची दणाणेल अशी ओरडली, “बेचाळीस!”

शिवकुमार म्हणाला, “आपण एक्केचाळीसच हाव की!”

“अन् सर?” दीपमाला म्हणाली.

पुढचं विचारू नकोस. माझा चष्मा गेला, शर्टाची दोन बटणं गेली, आणि शिवकुमार पहिल्यांदाच कुणाच्या तरी खाली सापडून खिदळत होता. ताई, तू अठरा वर्षं हे रोज करतेस! ती एक ओळ सुचायला किती उरलेल्या पोरांकडे बघितलं असशील तू. मला तुझा फार अभिमान वाटतो, आणि हे मी तोंडावर कधीच बोललो नाही.

तुझा,
अश्वजित

ता. क. कूलर आता माझ्या फिजिक्सच्या नोट्सवर उभा आहे. तिरका आहे, पण तेवढाच उपयोग.

ता. क. २. शनिवारी वडील आले. दीपमालाने त्यांच्याबरोबर फक्त धुवायचे कपडे पाठवले.

ता. क. ३. खरं काम आता लिहितो. आपल्या धम्मानंदच्या लग्नात, भरल्या पंगतीत, मी “आमची ताई खेळायचा पगार घेते” म्हणालो होतो. सगळे हसले, तूही हसलीस, आणि हात धुवायला म्हणून उठलीस ती पानावर परत आली नाहीस. मी ते पाहिलं होतं. येत्या रविवारी लातूरला ये. ते वाक्य मला सगळ्यांसमोर परत घ्यायचंय. तू येणार की नाही ते ठाऊक नाही, पण पोरांना आकडा सांगून ठेवलाय: त्रेचाळीस.