लंकेसाठी वाजलेली टाळी

१० मार्च ९६, रविवार
पाकिस्तानला हरवलं. फळ्यापुढं एवढी गर्दी कधी पाहिली नाही. वाचनालयाचा वार्ताफलक लिहितो म्हणून घरी आप्पा डिवचतात, "बी.कॉम. सोडून खडू धरला." धरला. लेक्चररच्या अंगावर हजेरीबुक फेकलं अन् कॉलेज सुटलं, त्याचं मला काही वाटत नाही.
सुनंदा थांबून वाचून गेली. कापडवाल्या नारायणशेठची पोरगी. अक्षर कोणासाठी वळवून काढतो हे तिला कळत असेल. नसेल तर...

१४ मार्च, गुरुवार
हरलो. कलकत्त्यात बाटल्या फेकल्या, जाळपोळ केली, रेफरीनं मॅच लंकेला देऊन टाकली. नागपूरचा पेपर दुपारच्या बसनं आला. टॉस जिंकून फिल्डिंग काऊन घेतली, याचाच जाब. विचारलाच पाहिजे.
पण आमच्या गावाचं, इचोड्याचं काय? काल शेठच्या ओसरीत टीव्हीपुढं वीसेक जण. बाया मागं आत, पडद्याआड. लंकेवाला चौक्यावर चौके हाणून राह्यला अन् मागून टाळी. वळून पाहिलं तर मागं एकटा शेठ, खुर्चीत हसत.
हाच शेठ माझ्याबद्दल म्हणाला होता, "कॉलेज पुरं न करनाऱ्याले कोन पोरगी देते?" माझा दोस्त दिल्या, त्यानं सांगितलं.
फळ्यावर खाली लिहिलं: 'स्थानिक. लंकेच्या चौकारांना बसस्टँडजवळच्या कापड दुकानदाराची टाळी.' नाव दिलं नाही. तिथं दुकान एकच आहे.

१५ मार्च, शुक्र.
शेठच्या शटरवर शेण. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली खेड्यावरची माणसं पोरांनी पायरीवरून परत फिरवली. ती खरेदीला भैंशाला गेली. दिल्या म्हणे, "तुया फळ्यानं काम केलं." बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१६ मार्च, शनि.
शेठ स्वतः शटर धूत होता. माझ्याकडं पाहिलं, परत पाणी ओतू लागला. शिव्या दिल्या असत्या तर मी तयार होतो.
दुपारी फळा पुसताना सुनंदा आली. एकटी.
"बाबाले टाळी वाजवताना पायलं तू?"
"ऐकली. मागं दुसरं कोन होतं?"
"पडद्याआड मी होती. चांगला मारून राह्यला होता तो, वाजली टाळी. बाबा हासले ते माह्याकडं पाहून. लिव आता. माहं नाव, बाबाचं नाव, पुरं."
"येडी झाली का? सोयरीक पाहून राह्यले तुयी."
"बाबाच्या दुकानाचं लिवताना काही सुचलं नाही तुले."
"मंग शेठ काऊन गप हायेत? मी नव्हतो म्हनून सांगाचं."
"सांगतलं असतं त तुमी विचारलं असतं, मंग कोन."
गेली. माझ्याशी एवढं ती पहिल्यांदाच बोलली.

१७ मार्च, रवि.
आज फायनल, लाहोरला. त्याचं कोणाला पडलंय. सकाळपासून पोरं फळ्यापुढं, "आज कोनाचं नाव?"
टाळी मीच वाजवली असं लिहावं तर दिल्या खेटून बसला होता, रागात माझे हात त्याच्याच मांडीवर आपटत होते. तिचं नाव लिहिलं तर तिला पाहायला यवतमाळचे पाहुणे यायचे नाहीत. हेही मनात आलं. कालपासून चारदा आलं. थू माझ्यावर.
शेवटी लिहिलं: 'शेठनी टाळी वाजवली ही बातमी खोटी. मी पाहिलं नव्हतं.' खाली माझं पूर्ण नाव.
दिल्यानं मोठ्यानं वाचलं. मग म्हणाला, "शेठ नाही त मंग कोन बे? तूच म्हनत होता टाळी आली म्हनून."
सगळे माझ्याकडं. रस्त्यापलीकडं शेठचं शटर अर्धं वर होतं. खालून पाय दिसत होते, दोघांचे. तेही हलेनात.
"सांग ना बे," दिल्या.
खडू हातात होता. मी माझ्या नावाखाली लिहिलं: 'टाळी कोणाची ते सांगणार नाही, शेण टाकायचं तर माझ्या दारावर टाका.'