बारा यंत्रं आणि खंडेनवमी

२७ ऑक्टोबर २००१
प्राचार्यांची चिठ्ठी आली: संगणक कक्ष बंद का पडला, लेखी खुलासा द्या. खुलासा मी द्यायचा, कारण कक्ष माझ्या ताब्यात. तेव्हा आजपासून कोण काय बोललं ते तारखेनिशी लिहून ठेवणार. तोंडी बोललेलं नंतर कुणी कबूल करत नाही.
झालं ते असं. खंडेनवमीला कक्षात पूजा होती. पाटीलसर (पदार्थविज्ञान, संस्थेच्या अध्यक्षांचे भाचे) पुण्याहून नवी सीडी घेऊन आले. लिनक्समध्ये पडद्यावर खिडक्या नि चित्रं दाखवतं ते एक्स, त्याची चौथी आवृत्ती. मी म्हटलं, एका यंत्रावर घाला, आठ दिवस बघू. सर म्हणाले, "बाई, सणाला एकीला नवं लुगडं नि अकराजणींना जुनं, असं कुठं असतंय व्हय?" सगळे हसले. मी घरी गेले. मागं त्यांनी बाराही यंत्रांवर नवं घातलं, जुनं पुसलं, यंत्रं बंद केली, कुंकू लावलं. पूजलेल्या हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून कुणी चालू करूनसुद्धा पाहिलं नाही. आज चालू केली, तर एकाही पडद्यावर चित्र नाही.

२९ ऑक्टो.
बाराही तपासली. पडदा दोनदा लुकलुकतो, मग काळ्यावर पांढरी अक्षरं: नो स्क्रीन्स फाउंड. एवढा थोरला पडदा समोर आहे आणि म्हणे सापडत नाही.
दत्तोबा शिपाई म्हणाला, "हार घालायच्या आधी चालू हुती की, बाई. आता पुन्हा पूजा मांडू काय?" त्याच्यावर ओरडले. उगीच.
कारण सापडलं. पडद्याला चित्र पुरवणारी आपली डिस्प्ले कार्डं जुनी, चौथी आवृत्ती ती ओळखत नाही. सीडीबरोबरच्या कागदात तसं लिहिलंय. सरांनी वाचला नाही. सेटिंगच्या फाइलची नक्कल ठेवली का, विचारलं. "नक्कल कशाला? नवीन घातलंय न्हवं."
शेवटच्या वर्षाचं ग्राफिक्सचं प्रॅक्टिकल ५ तारखेला. चोवीस मुलं. रेषा काढणार कशावर?

३१ ऑक्टो.
जुनी सीडी माझ्या कपाटात होती. चौथी काढून तिसरी घालतेय. मॉनिटर वेगवेगळ्या वर्षी घेतलेले. पडदा सेकंदाला किती वेळा उजळतो, ते प्रत्येकाचे आकडे पुसलेल्या फाइलीत होते; आता पाठीमागच्या पट्टीवरून वाचायचे, हातानं भरायचे. चुकले की मॉनिटर शिट्टी घालतो. मिळाले तेवढे वहीत उतरवले. तीन मॉनिटरांच्या पट्ट्याच निघून गेल्यात.
सदुसष्ट साली गणितात एम.एस्सी. केलं ते टेबलाखाली रांगायला नव्हे. पाटीलसर दारातून: "बाई, जग पुढं चाललंय, तुम्ही मागं कुठं निघाला?" मी पुढच्या मॉनिटरमागं वाकले.

२ नोव्हें.
सात चालू. पाच राहिली.
खुलासा दिला, दोन पानं. प्राचार्यांनी पहिलंच पान वाचलं. "मॅडम, सरांचं नाव कशाला? कक्ष तुमच्याकडे आहे."
मग म्हणाले, उद्यापासून तो पाटीलसरांकडे. अध्यक्षांनी ठरवलंय.
मी विचारलं, सोमवारी पाच यंत्रं काळीच राहिली तर खुलासा कोण देणार? त्यांनी चहा मागवला. मी न पिता उठले.

३ नोव्हें.
ताबा दिला. सरांनी कागद टाइप करूनच आणला होता, "बारा यंत्रे सुस्थितीत." खोडलं. "सात चालू, पाच बंद" लिहिलं. सर म्हणाले, "एवढं कशाला ताणताय, बाई?" पेन पुढं केलं. सही केली त्यांनी.
किल्ल्या: दाराच्या दोन, कपाटाची एक. सीडी: जुनी एक, नवी एक. हजेरीपट एक.
आकड्यांची वही यादीत नाही, ती माझी. पिशवीत घातली होती. दत्तोबा म्हणाला, "पोरं सोमवारी येणार हाईत, बाई." एवढंच.
वही काढून सरांच्या हातात दिली. बंद पाचांपैकी दोन यंत्रांचे आकडे त्यात आहेत, तीन यंत्रांचे नाहीत, हेही सांगितलं. "मग त्या तीन यंत्रांचं काय करायचं?" सरांनी विचारलं. पहिल्यांदाच काही विचारलं.
वही एक. अकरा पानं भरलेली. पोच घेतली नाही.