दुसरं वर्ष

मांडवी, रत्नागिरी
ज्येष्ठ शुद्ध ३, शके १८५८

प्रिय आनंदा,

हे अक्षर कुणाचं म्हणून तू पत्र उलटसुलट करून बघशील. अक्षर माझं आहे. आजवर तुला गेलेली पत्रं आप्पाकाकांनी लिहिली, तुझी आलेली त्यांनीच वाचून दाखवली. पण मला वाचता येतं, बाबा. तू तिसरीत होतास तेव्हापासून. तू चुलीपाशी बसून मोठ्याने धडे म्हणायचास आणि मी भाकरी थापता थापता पुस्तकात डोकवायचे. पुढे मासे बांधायच्या रद्दीवर डोळे फिरवत शिकले. कुणाला सांगितलं नाही. एकदा नुसतं एक नाव वाचलं, तर तुझी आजी म्हणाली, "आता सुरमईवर नाव घालून विकणार काय गो?" वाडीतल्या बायका महिनाभर हसत होत्या.

तुझं मागचं पत्र काकांनी वाचलं. खंडूची शाळा संपलीय, त्यालाही तुझ्यासारखा विजेचा दोन वर्षांचा अभ्यास करायचाय, आणि तू लिहिलंस, नको. दोन वर्षं कशाला घालवायची, तारा जोडायला गिरणीतला अडाणी माणूस सहा महिन्यांत शिकतो, मी वर्षभर शिकलो आणि आज धक्क्यावर टोपल्या उचलतो, त्याला घरच्या होडीकामालाच लावा. काका म्हणाले, "थोरल्या भावाचा शब्द तो." खंडू उठून खळ्यात जाऊन बसला.

मी हेदवीच्या सदूला विचारलं. तुझ्याबरोबर शिकत होता तो. सुटीत आलाय, परवा बाजारात भेटला. म्हणाला, "मावशी, खोटं कशाला सांगू, पास होऊन दहा महिने घरी बसलो होतो. आपल्या गावात वीज येईल तेव्हा येईल. पण नुसता हात चालवणाऱ्याला मोटर बंद पडली की दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. मला ती का बंद पडली ते कळतं. पहिल्या वर्षात जोडायला शिकलो, कारण कळलं ते दुसऱ्या वर्षात." मग हसून म्हणाला, "आनंदा आमच्यात हुशार. आम्ही त्याच्या वह्या उतरवायचो." मी टोपलीतले मासे उगाच वरखाली करत राहिले.

आठ वर्षं झाली. माघात तुझे बाबा होडीसकट गेले. सुटीत तू आलास तो पुढच्या फीची काळजी घेऊनच. विजेच्या शाळेतल्या मास्तरांना पत्र टाकलंस. शेवटच्या बोटीआधी उत्तर आलं तर जायचं असं ठरलं, कारण मग बोटी बंद त्या नारळी पुनवेपर्यंत, आणि घाटाने जायची आपली ऐपत नव्हती. तू रोज टपालवाल्याची वाट अडवायचास. बोट गेली त्या दिवशी बंदरावरून आलास, पाय धुतलेस आणि म्हणालास, "मास्तरांना मी तेवढा लायक वाटलो नाही, आई." पुन्हा तो विषय काढला नाहीस. नारळी पुनवेला दर्यात नारळ सोडलास आणि धाकू तांडेलाच्या होडीवर चढलास. तिसऱ्या वर्षी दोराने तुझ्या हाताची दोन बोटं नेली. तेव्हाही तू मलाच धीर देत होतास, आणि होडी सुटली म्हणून त्या शाळेच्याच शहरात धक्क्यावर कामाला गेलास.

आनंदा, उत्तर आलं होतं. बोटीच्या दोन दिवस आधी. तू बंदरावर होतास. टपालवाल्याने पत्र माझ्या हातात दिलं, म्हणाला, "आप्पांकडून वाचून घे." मी स्वतः वाचलं. दुसऱ्या वर्षाची फी माफ, राहायची सोय मास्तरांच्या घरी, जागा आषाढापर्यंत राखून ठेवतो, अशा मुलाला शिक्षण अर्ध्यावर सोडायला लावू नका. मला वाचता येत नसतं तर मी ते काकांकडे नेलं असतं आणि तू बोटीत बसला असतास. तारेला चिकटला माणूस सुटत नाही, असं लोक म्हणत. घरातला माणूस दर्याने नेला होता आणि मी भ्याले तारेला. वाटलं, ही बोट जाऊ दे, एवढा पावसाळा तरी हा माझ्याजवळ राहील, मग दाखवीन. आमसुलांच्या बरणीत लपवलं. आषाढ गेला. मग कुठल्या तोंडाने दाखवू?

ते पत्र यात घातलंय. कडेला आमसुलांचा डाग आहे, अक्षर शाबूत आहे. तू त्या शिक्षणाची किंमत करतोस ती एका वर्षावरून. दुसरं वर्ष मी घेतलं. क्षमा मागायला हे लिहीत नाही, ती मागायला मला जागा नाही. पण माझा राग खंडूच्या शिकण्यावर काढू नकोस. हे पत्र टपालात टाकणार नाही. तू वाचशील तेव्हा खंडू वळकटी घेऊन तुझ्यासमोर उभा असेल. उद्याच्या शेवटच्या बोटीत मीच त्याला बसवतेय, काकांना बोट सुटल्यावर सांगेन. त्याला परत पाठवायचं म्हटलंस तरी नारळी पुनवेपर्यंत बोट नाही. त्याला जेवू घाल आणि शाळेच्या दारापर्यंत तू स्वतः पोचव. उत्तर घालावंसं वाटलं तर या वेळी माझ्या नावाने घाल. काय लिहिलं असेल ते मीच वाचीन.

तुझीच,
आई
(हे माझ्या हातचं)