ह्यांच्या हवाली

६ जानेवारी १९५९

चौकशी समिती पनवेलला येणार. महिनाअखेर, डाक बंगल्यात. नाना वकील शाळेच्या फाटकाला सायकल टेकवून सांगून गेले. (इथून पुढे ना. व. हात दुखतो.) वर म्हणाले, "रडू नका वहिनी, वर्गातल्या पोरी बघतायत." मी कुठे रडत होते! खडूची पूड.

पाच महिने होतील. पुण्याच्या एस.टी. गाडीत खोपोलीच्या अलीकडे बाँब फुटला. मागच्या बाकांवरचं कोणी राहिलं नाही. हेही गेले. घातपात, एवढंच सरकार म्हणतं. कोणी केला, कशासाठी, कोणाला ठाऊक नाही. कोणी सरहद्दीपलीकडचे हेर म्हणतं, कोणी आपल्यातलेच म्हणतं. पण पोलिसांच्या टिपणात एक ओळ आहे. ना. व. नी वाचून दाखवली तेव्हापासून ती मनातून जात नाही. स्फोट ह्यांच्या बाकाखालच्या सामानात झाला.

ह्यांचं सामान! ह्यांचं स्वतःचं सामान म्हणजे एक पंचा नि तपकिरीची डबी. बाकी सगळं गावाचं.

७ जानेवारी

काल अर्धवट राहिलं.

हे भाताच्या गिरणीत. दर मंगळवारी तांदळाचे नमुने घेऊन पुण्याला पेठेत. मंगळवार उजाडला की आमच्या ओटीवर गाव लोटायचं. लेकीला लोणच्याची बरणी, सुनेची राहिलेली चोळी, कोणाची दुरुस्त करायची कवळी. एकदा जिवंत कोंबडी. तिने लोणावळ्याला अंडं घातलं, तर ह्यांनी कोंबडीबरोबर अंडंही पोचतं केलं, रुमालात गुंडाळून. मी म्हणायची, माझं लग्न टपालखात्याशी लागलंय. त्यावर हसायचे आणि पिशवीत आणखी एक पुडकं कोंबायचे.

नाही म्हणणं जिभेलाच नव्हतं. अनोळखी माणसानं स्टँडवर दिलं तरी घेत. "अगं, विश्वासानं देतो ना तो."

ना. व. म्हणतात समिती नेमकं हेच विचारणार. विचारू दे. मला एकच शब्द हवा आहे सरकारकडून. 'नकळत'. बाँब ह्यांच्या सामानातून गेला असेल तर नकळत गेला, एवढं लिहून द्या. आज बाजारात एकजण दुसऱ्याला सांगत होता, "तो सामील होता म्हणे." ह्यांना साधी सुतळी कापायला द्यायची तर दहादा विचारायचे, कापू ना?

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ द्यायला कोण येणार माझ्याकडे. पण हिराबाई आली. डोक्यावर पोपटीचं मडकं, वालाच्या शेंगा, खाली कोंबडीचे तुकडे, सगळं वाफाळत. विचुंब्याहून गाढी नदी ओलांडून चालत.

"बाय, त्वांड ग्वाड करायला आलू नाय. तिखाट करायला आलू."

तिची ओळख अलिबागच्या कचेरीतली. मी अर्ज द्यायला गेले होते, ती जिन्यात बसून होती. तिचा पांडुरंग त्याच गाडीत. पुण्याच्या कारखान्यात नोकरी लागली होती, पहिल्यांदाच घराबाहेर पडला होता. पोलिसांनी सांगितलं, तो ह्यांच्याच बाकावर होता. ते कळल्यापासून तिच्यापुढे मला चोरट्यासारखं होतं. तिनं मात्र कधी शब्द काढला नाही. येते, बसते, भाजी निवडून देते, माझ्या हाताला चव नाही म्हणून सांगते.

विधवेनं वशाट खायचं नाही. खाल्लं. समोरच्या काकू खिडकीत उभ्या होत्या, त्यांना शेंग दाखवून खाल्लं.

१९ जानेवारी

ना. व. चं म्हणणं, त्या मंगळवारी ह्यांच्याकडे सामान दिलेले लोक पुढे आले पाहिजेत. म्हणजे सामान लोकांचं होतं हे तरी सिद्ध होईल. शाळा सुटल्यावर घरोघर फिरले. काय सांगावं! ज्यांच्या बरण्या वाहून ह्यांचा खांदा वाकडा झाला, त्यातला एकही त्या दिवशी आला नव्हता. कोणी गावात नव्हता, कोणाला ताप होता. समोरच्या काकू म्हणाल्या, "मी? छे बाई, मी कधी कोणाला काही सांगत नाही." ह्यांनी काकूंच्या लेकीचं पूर्ण बाळंतपण पुण्याला पोचवलंय, डिंकापासून दुपट्यापर्यंत.

गरज सरो. जाऊ दे. भितात बिचारे. पोलीस दारात आले तर मीही भिते.

२३ जानेवारी

कासीमभाई शिंपी आले. ओटीवर चढेनात. टोपी हातात.

"भाभी, खुदा गवाह हाय, मी दिलेला. भाचीच्या निकाहचा जोडा, कापडात बांधून. आदल्या सांजेला."

म्हटलं, कासीमभाई, तुम्हाला इतरांपेक्षा जास्त त्रास देतील हो. विचार करा.

"विचार करून पाच महिने गेले. भाईसाबनी कधी विचार केला काय आमचा जोडा नेताना?"

पुढे म्हणाले तो जोडा पोलिसांनी परतसुद्धा दिला. जरीला डाग नाही. निकाह त्याच जोड्यात झाला. मी ऐकलं नि सोडून दिलं, ओटीवर बसलेले ना. व. मात्र खुर्चीवरून उठले. "डाग नाही? मग तो जोडा होता कुठे?" कासीमभाईंना ते माहीत नव्हतं.

चहा घेतला त्यांनी. जाताना माझ्या पोलक्याची उसवलेली बाही बघून म्हणाले, द्या, टाका मारून देतो. मी हसले. बऱ्याच दिवसांनी.

२७ जानेवारी

कासीमभाईंचं नाव समितीकडे गेल्याचं कळलं आणि लाज वाटली असावी गावाला. तिघं ना. व. कडे जाऊन आले. काकूसुद्धा! "माझी मेथकुटाची पुडी होती गं. घाबरले." म्हटलं, काकू, मेथकुटाचा स्फोट होत नाही. दोघी हसता हसता रडलो.

हिराबाई आठवडाभर आली नाही. तिचे दीर तिला माझ्याकडे येऊ देत नाहीत असं बाजारात कळलं.

२८ जानेवारी

माझी साक्ष झाली.

समितीचे साहेब म्हातारे, सभ्य. पाणी दिलं. सरकारी वकील तरुण, केसाला तेल. विचारतो, तुमच्या यजमानांचे राजकीय संबंध? म्हटलं, गिरणीच्या मालकानं बसा म्हटलं तरी उभे राहायचे, त्यांना कोण राजकारणात घेणार. साहेब हसले. मग तो प्रश्न. अनोळखी माणसाकडून सामान घेत काय?

खोटं बोलता आलं असतं. ना. व. खाली बघत होते. हे असते तर काय म्हणाले असते तेही मला ठाऊक होतं. 'हो' म्हटलं.

मागून कोणीतरी ओरडलं, "म्हंजे यानंच मारली आमची मानसं!" त्याचा भाऊ गेलाय. त्याच्यावर कशी रागावू? हिराबाई मागे दिरांच्या मध्ये बसली होती. पदर तोंडावर. माझ्याकडे बघितलंही नाही.

उद्या तिची साक्ष. तिला काय पढवलंय ते सगळं गाव सांगतंय.

२९ जानेवारी

जसं ऐकलं तसं लिहून ठेवते, नंतर मला पटायचं नाही.

सरकारी वकिलानं तिला विचारलं, तुमचा कोणावर संशय आहे? दीर खाकरले. हिराबाई म्हणाली, "संशव नाय. पन सगली सांगतान त्यांना काय काय दिलता. मी पन दिलं व्हतं."

साहेबांनी विचारलं, तुम्ही काय दिलंत?

"माजा पोर."

मग ती बोलतच राहिली, साहेबांकडे बघून. हे बाजारात तिच्याकडून भाजी घ्यायचे (मला पत्ताच नव्हता!), म्हणून दर मंगळवारचं तिला ठाऊक. पोराला पुणं ठाऊक नाही, म्हणून स्टँडवर तिनं त्याला ह्यांच्या हवाली केलं. हे नेहमीसारखे पुढे, ड्रायव्हरच्या मागे बसले होते. गावाच्या पिशव्या त्यांच्या बाकाखाली. तिथे दोघांना जागा नव्हती, म्हणून उठले आणि पोराला घेऊन मागच्या बाकावर गेले. पिशव्या पुढेच राहिल्या.

ना. व. उभे राहिले. "साहेब, कासीमचा जोडा! पुढचं सामान वाचलं!"

सरकारी वकील लगेच, "मागे जाताना हातात काहीच नव्हतं कशावरून?"

"व्हतं की. माज्या पोराची ट्रंक."

दिरानं कपाळावर हात मारला. तेव्हा मला कळलं ते तिला काय बोलू देत नव्हते. वकील विचारतो, ट्रंकेत काय होतं? ट्रंक कोणी भरली? भरल्यावर ती कोणाच्या ताब्यात होती? हिराबाई सांगते, दोन सदरे, सुकट, तांदळाच्या भाकरी, मी भरली. पुन्हा तेच प्रश्न. माझ्या नवऱ्यावरचा संशय तिनं उचलला आणि आपल्या मेलेल्या पोराच्या ट्रंकेवर ठेवला. तिला ते कळत होतं. चांगलं कळत होतं.

कारकुनानं लिहिलं, तिनं अंगठा दिला. काय लिहिलं ते तिला वाचून दाखवलं नाही.

२ फेब्रुवारी

हिराबाई आली. दिरांनी बोलणं टाकलंय, म्हणाली. चवळी निवडत बसली.

मी विचारलं, इतके दिवस का नाही बोललीस मला?

"तू बोलली आसतीस, तुज्या पोरापायी माजा मालक पुढची जागा सोडून गेला."

खरं सांगते, तिनं बोलायच्या आधीच मला ते वाटून गेलं होतं. डाक बंगल्यात, साक्ष चालू असताना. पुढे बसलेले सगळे जिवंत आहेत. एक क्षण त्या पोराचा रागच आला. तेही लिहून ठेवते. मग त्याच्या सुकटीचा वास ह्यांना वाटेत किती आवडला असेल ते मनात आलं, आणि राग टिकेना. हे कोणाही पोराला घेऊन मागे गेलेच असते. अशा माणसाशी लग्न केलं होतं मी.

तिला म्हटलं, चवळीत खडे ठेवतेस, नीट बघ.

"तुज्यापरीस बरी निवडतंय," म्हणाली.

१८ मार्च

समितीनं अहवाल सरकारला दिला. पेपरात दोन ओळी. काय लिहिलंय त्याची एक नाही. ना. व. म्हणतात, मागावा लागेल. अर्ज केला. दोघींच्या नावानं एकच, ना. व. च्या मनाविरुद्ध. "वहिनी, उद्या अहवालात ट्रंकेचं आलं असलं तर तुमचं हित आणि तिचं हित वेगळं." असू दे. कागद एकच राहील.

९ एप्रिल

मुंबईला सचिवालयात गेलो. हिराबाई नवं लुगडं नेसून, मी शाळेला दांडी मारून. तीन टेबलं, तीन साहेब. शेवटचा म्हणाला, सार्वजनिक हितासाठी अहवाल प्रसिद्ध करायचा नाही असं ठरलंय. म्हटलं, आम्हाला प्रसिद्ध नकोय, आमच्या दोघांचं काय लिहिलंय तेवढं हवंय. ह्यांच्याबद्दल एक शब्द, पोराबद्दल एक शब्द. तो चांगला होता, वाईट वाटलं त्याला. म्हणाला, "बाई, मीसुद्धा वाचलेला नाही." फेरअर्ज करा म्हणाला. करणार.

मागे समुद्र आहे, तिथे भाकरी सोडली. हिराबाईचं समुद्राबद्दल बरं मत नाही, आपली खाडी बरी म्हणाली. तिची पुढच्या निवडणुकीला अक्कल शिकवायची, सरकारला पाडायचं वगैरे बडबड चालू होती. मला काही सुचत नव्हतं. सहज विचारलं, गाडी सुटली तेव्हा हे काय करत होते गं?

भाकरी खाली ठेवली तिनं.

"पोराला खिडकीशी बसिवला. पोर रडाय लागला व्हता, तं आपली तपकीर त्याला हुंगाया दिली. त्यो असा शिंकला! हसाय लागला मंग. गाडी हालली तवा तुज्या मालकानं खिडकीतून हात काडला नि मना बोलले, हिराबाय, काळजी नको, पोराला पोचवतो."

पाच महिने, आठ महिने मी सरकारला विचारत होते. हे कोणी सांगितलं नव्हतं.

म्हटलं, अगं, हे साहेबांपुढे का नाही बोललीस?

"तिकडं लिवला आसता, पोचवतो बोलला नि पोचवला नाय. कागदाव त्ये वंगाळ दिसला आसता, बाय. तसा नव्हता त्यो."

मग तिला म्हटलं, पुन्हा सांग. तपकिरीपासून.