संगणकाच्या अंगावर शाल

प्रिय भाच्या,

तुला मावशीचे पोटभर आशीर्वाद. वेळेवर जेवतोस ना? (हो असं खोटं लिहू नकोस, मागच्या फोटोत तुझी गालफडं बसलेली दिसत होती.) इकडे आम्ही दोघं बरे आहोत. ऑपरेशननंतर तुझ्या काकांचा गुडघा आता छान वाकतो. माणूस अजून वाकत नाही. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण आमच्या घरात स्वयंपाकघरात बोललेलं थेट जिन्यापर्यंत ऐकू जातं, आणि ही गोष्ट काही झालं तरी यांच्या कानावर जाता कामा नये.

तुला आठवतच असेल, ऑपरेशननंतर हे अगदी मिटून गेले होते. सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली, दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतला. निवृत्त झाल्यावर चुका काढायला उरलं कोण, तर मी. पण तेही करेनात, तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. भाजीत मीठ घालायला विसरले तरी निमूट जेवले. म्हणून तू तुझा जुना संगणक बुद्धिबळाच्या खेळासकट आमच्याकडे ठेवून गेलास ते फार बरं केलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी हे त्याच्याशी तावातावाने भांडत होते आणि माझ्या जिवात जीव आला.

पंचाईत एकच होती. डाव ऐन रंगात आला की तो संगणक घरघरायला लागायचा आणि पटकन डोळे मिटायचा. यांचं म्हणणं, हरायची लक्षणं दिसली की लेकाचा उठून जातो. तुला विचारलं तर तू म्हणालास, मावशी, प्रोसेसरचं तापमान बघ. काळी खिडकी उघड, तिच्यात ‘सेन्सर्स’ एवढाच शब्द टाइप कर आणि एंटर दाब. तापमान बघ म्हणे! अरे, हॉस्पिटलात जन्म काढला, दुसरं केलं काय मी? चष्मा पुसला, शब्द टाइप केला, आणि बघते तर एकाखाली एक चार कोअर (प्रोसेसरचेच भाग म्हणे), आमच्या वॉर्डातल्या खाटांसारखे ओळीने. प्रत्येकाच्या पुढे आकडा. सगळ्यात मोठा चौऱ्याण्णव.

चौऱ्याण्णव बघून मी ताडकन उठले. अठ्ठ्याण्णवच्या वर ताप, हे माझ्या हाडांत भिनलेलं. चौऱ्याण्णव म्हणजे पेशंट गार पडायला लागला. (नुसता हात लावून पाहिलं असतं तरी उलगडा झाला असता. पण हात लावून ताप सांगणाऱ्या पोरींना मी आयुष्यभर झापलंय, स्वतः कशी लावणार?) कपाटातून जाड शाल काढली, संगणकाला चारी बाजूंनी नीट गुंडाळली आणि गरम पाण्याची पिशवी आणायला निघाले, तेवढी मात्र यांनी आणू दिली नाही. मग शेजारी स्टूल ओढून बसले आणि दर दोन खेळ्यांनी यांचा पट बाजूला सारून काळ्या खिडकीत बघायला लागले. पंच्याण्णव झाले. शहाण्णव झाले. पेशंट सुधारतोय म्हणून मी खूश, आणि इकडे पेशंट एकेक खेळी करायला इतका वेळ लावी की यांनी मधल्या वेळात मला घोडा कसा चालतो ते दोनदा समजावलं. शेवटी त्याने डोळे मिटायच्या आतच हे खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, “सिस्टर, तुमचा पेशंट गेला. शहामात.” लग्न झाल्यापासून हे मला रागावल्यावरच सिस्टर म्हणायचे, त्या दिवशी हसून म्हणाले.

पुढचे काही दिवस काय सांगू! रोज शाल, रोज स्टूल, आणि रोज त्याने डोळे मिटायच्या आत यांची जीत. हे अंघोळ करताना गुणगुणायला लागले. वर्तमानपत्रातल्या चुकांवर पुन्हा लाल गोल पडायला लागले. भाजी खारट झाली म्हणाले, तेव्हा तर मला रडूच आलं.

मग तुझा फोन आला. हे आकडे दुसऱ्याच मापाचे, त्या मापात पाणी शंभरला उकळतं, हे ऐकलं आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तू सांगितल्याप्रमाणे शाल काढली, पाठ उघडली, आतून उशी भरेल एवढी धूळ ब्रशने काढली. आता पारा एक्कावन्नावर स्थिर आहे, घरघर थांबली, बंद पडत नाही. पेशंटला डिस्चार्ज दिला आणि मी माझ्या शिवणकामाला लागले.

आणि त्याच संध्याकाळी हे हरले. दुसऱ्या दिवशीही. तेव्हापासून रोज कपाळाला हात लावून बसतात, आणि मला आतून तुटल्यासारखं होतं. म्हणून शिवण, भाजी, विळी सगळं घेऊन मी यांच्याजवळच बसते. बसून बसून कारण माझ्या ध्यानात आलं. तापात डोकं चालत नाही, हे मी वॉर्डात पाहिलेलंच आहे. पेशंटचा ताप उतरला, त्याची अक्कल परत आली, आणि माझ्या हातून माझ्याच नवऱ्याचा घात झाला.

बाकी क्षेम. अंगाला तेल लाव, आणि रागावू नकोस.

तुझी,
मावशी

ता. क. : काळ्या खिडकीत टाइप करायचा असा एखादा शब्द लगेच पाठव, ज्याने प्रोसेसर मरणार नाही, पण ऐंशीच्या आसपास अंगात बारीक कणकण राहील.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवायला यांच्याकडे देते आहे. वाचणार नाहीत, तसं कबूल केलंय.

ता. क. तिसरा (अक्षर माझं, म्हणजे काकांचं) : मी पत्र वाचलेलं नाही, फक्त तपासलं आहे. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या. एक चूक वस्तुस्थितीची आहे, तिला हात लावलेला नाही. संगणकाची अक्कल परत आलेली नाही. खेळ किती कठीण करायचा ते कुठे बदलतात, हे मला पहिल्याच दिवशी सापडलं होतं. पेशंट बरा झाला म्हणून तुझी मावशी स्टूल घेऊन निघून गेली, त्या संध्याकाळी मी तो कठीण केला. जिंकलेल्या माणसाला ती शाबास म्हणून कामाला जाते; हरलेल्याजवळून हलत नाही. तेव्हा तो शब्द पाठवू नकोस. फारच मागे लागली, तर चुकीचा पाठव. मी तपासणार नाही.